मेरापीच्या उतारावर आई हरवली तेव्हा

बाबा गेले त्या वर्षी माझी रोजची बुद्धवंदना सुटली. ठरवून सोडली असं नाही. मी मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होते. नागपूरहून फोन आला तेव्हा शिफ्टवर होते, आणि विमान मिळून घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर एका संध्याकाळी मेणबत्ती लावून बसले, तर ‘बुद्धं सरणं गच्छामि’ एवढंच म्हणून थांबले. आपल्या धम्मात वर बसून हाक ऐकणारा कोणी नाही, हे बाबांनीच लहानपणी शिकवलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. पण मग शरण जायचं ते कोणाला? ऐकणारं कोणी नसेल तर बोलायचं तरी कशाला?  मेणबत्ती विझवली आणि भाजी चिरायला गेले.

पुढच्या उन्हाळ्यात आई कायमची आमच्याकडे राहायला आली. आई म्हणजे उत्साहाचा झरा. महिनाभरात तिची आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांशी ओळख झाली. ती नागपुरी मराठीत बोलायची, त्या इंग्रजीत, आणि दोन्हीकडून हसणं चालायचं. संध्याकाळी मात्र ती पुढच्या खोलीत बसून मोठ्याने वंदना म्हणायची. आमच्या नागपूरच्या घरात पद्धत अशी होती की एक ओळ बाबा म्हणत आणि पुढची आम्ही. ती सवय आईच्या अंगात इतकी मुरलेली की एक ओळ झाली की ती क्षणभर थांबायची. मी स्वयंपाकघरात नळ जरा मोठा सोडायची. तिच्या लक्षात येत असणार; मग पुढची ओळही ती स्वतःच म्हणायची.

नव्वदच्या दशकाची ती पहिली वर्षं. माझा नवरा मिलिंद पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता आणि त्याला जावा बेटावर एका साखर कारखान्याच्या कामासाठी जायचं होतं. शाळेला सुट्टी होती म्हणून आठवडाभरासाठी आम्हीही निघालो, म्हणजे मी, आई आणि आमची तेरा वर्षांची सुजाता. बोरोबुदुरचा स्तूप तिथून जवळ आहे हे कळल्यापासून आईचे पाय जमिनीवर नव्हते. मिलिंदचं काम संपलं की शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून तिथे जायचं ठरलं. तोवर आम्ही तिघी मेरापी ज्वालामुखीच्या उतारावर, कालीउरांग नावाच्या थंड हवेच्या गावात एका गेस्टहाउसमध्ये राहिलो. समोर घनदाट जंगल, झाडांवर शेवाळ, माणसाच्या उंचीचे नेचे आणि सकाळपासून माकडांची धावपळ. मेरापी तेवढा दिसेना. तो ढगात बसलेला. मधूनच गडगड असा आवाज यायचा. गेस्टहाउसचे मालक मोडक्या इंग्रजीत सांगायचे की काळजी करू नका, वरून दगड घरंगळतात, त्याचं रोजचंच आहे. आई त्या दिशेला बघून म्हणाली, म्हाताऱ्याचं पोट बिघडलेलं दिसतं. सुजाता दिवसभर हसत होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही जंगलातल्या पायवाटेने डोंगर दिसतो त्या जागेपर्यंत जायला निघालो. आईने नऊवारीखाली मँचेस्टरच्या मार्केटमधून घेतलेले पांढरे ट्रेनर्स, म्हणजे पळायचे बूट घातले होते आणि वर मरून रंगाचं कार्डिगन. अर्ध्या वाटेत ती एका खडकावर बसली. तुम्ही व्हा पुढे, मी इथेच माकडं बघते, म्हणाली. वळणापलीकडे जाऊन लगेच परतायचं म्हणून मी आणि सुजाता पुढे गेलो. तेवढ्यात धुकं उतरलं. बघता बघता झाडं दिसेनाशी झाली आणि मग पाऊस, मँचेस्टरची भुरभुर नव्हे, बादली उपडी करावी तसा. आम्ही धावत खाली आलो. खडकावर आई नव्हती.

मला वाटलं, पाऊस बघून ती खाली गेली असेल. जंगलाच्या फाटकापाशी चहाची टपरी होती, तिथे एक नवराबायको असत. त्यांना हातवाऱ्यांनी विचारलं. म्हातारी बाई आली नव्हती. नवरा छत्री घेऊन वनरक्षकांना बोलवायला पळाला. सुजाताला मी त्याच्या बायकोपाशी बसवलं, इथून हलू नकोस म्हणून सांगितलं आणि पुन्हा आत शिरले.

किती हाका मारल्या मला आठवत नाही. पाऊस हाक गिळून टाकत होता. खडकाच्या थोडं पुढे वाट दुभंगत होती, उजवीकडची वर जाणारी, डावीकडची खाली. जाताना डावीकडची आमच्या लक्षातही आली नव्हती. उजवीकडची रुंद होती, पायाखालची होती, धुक्यात चुकामूक होऊन आई तिकडेच वर गेली असणार असं डोकं सांगत होतं. वॉर्डवर काहीही झालं तरी पुढे काय करायचं हे मला कायम माहीत असतं, लोक माझ्या तोंडाकडे बघत असतात. त्या जंगलात मला काही कळेना. वर डोंगर गडगडला आणि मी चिखलातच बसले. बाबांच्या वेळी पोचले नाही, आता आईच्याही वेळी पोचणार नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आणि मग तोंडातून आपोआप आलं, ‘बुद्धं सरणं गच्छामि.’ मी कोणाला उद्देशून म्हटलं नाही. मागितलंही काही नाही, कारण मागायला सुचतच नव्हतं. धरायला काहीतरी हवं म्हणून लहान मूल पदर धरतं, तसे ते शब्द मी धरले. पुन्हा एकदा म्हटले, ओरडूनच. आणि सवयीने थांबले.

डावीकडून, खालून, अगदी शांतपणे उत्तर आलं, “धम्मं सरणं गच्छामि.”

मी उठले. “संघं सरणं गच्छामि,” म्हणत डावीकडच्या वाटेला लागले. खालून ‘दुतियम्पि’ची दुसरी फेरी सुरू झाली, पुढची ओळ मी म्हटली. अशा एकामागून एक ओळी धरत, झाडांच्या मुळांवर हात टेकत मी उतरत गेले आणि प्रत्येक वेळी आवाज जवळ येत गेला. तिसऱ्या फेरीच्या ‘ततियम्पि’वर येईपर्यंत धुक्यात मरून रंग दिसला.

गवताने शाकारलेल्या छोट्या आडोशाखाली आई बसली होती. तिच्या हातात उकडलेलं रताळं होतं. शेजारी तिच्याच वयाची एक बाई, डोक्याला रुमाल, पायाशी विळा आणि नुकत्या कापलेल्या गवताचा ओला भारा. मला बघून आई म्हणाली, “कुठं फिरून राहिली होतीस एवढ्या पावसात?” मी तिच्या मांडीत डोकं खुपसलं आणि मनसोक्त रडले. दुसऱ्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो खरखरीत हात मला अजून जाणवतो.

माझं रडणं थांबल्यावर आईने सगळं सांगितलं. धुक्यात तिला आमचा आवाज खालून आल्यासारखा वाटला म्हणून ती त्या वाटेने निघाली. एका जागी पाय घसरला आणि त्याच क्षणी मागून कोणीतरी तिचं मनगट घट्ट धरलं. तीच ही बाई, तिचं नाव मार्सिनी. गुरांसाठी गवत कापून ती घरी चालली होती. मी दहा पावलं पुढे जाऊन बघितलं. वाट तिथे संपली होती. पावसाने कडा खचला होता आणि खाली घळीत नुसतं धुकं भरलं होतं. मी परत फिरले. आईला विचारलं, मी इतका वेळ हाका मारत होते, ओ का दिली नाहीस? ती म्हणाली, “हाका नाही आल्या गं ऐकू. वंदना आली.” पाऊस नेमका तेव्हा ओसरला असेल, वारा फिरला असेल. असेलही. मी त्यावर कोणाशी वाद घालत नाही.

मार्सिनी आम्हाला जवळच्या वाटेने फाटकापर्यंत घेऊन आली. ती आणि आई रस्ताभर गप्पा मारत होत्या, एक जावातल्या भाषेत, एक मराठीत. फाटकापाशी पोचेपर्यंत आईला तिच्या नातवंडांची माहिती झाली होती. तिथे टपरीवाला वनरक्षकांना घेऊन आत शिरायच्या बेतात होता. मी हात जोडले, तिने उजवा हात छातीवर ठेवला आणि मान लववली. आईने कार्डिगन काढून तिच्या अंगात घातलं, बटणंही स्वतःच लावली. सुजाता टपरीतून धावत आली आणि आजीच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, “आजी, तू कुठे गेला होता?” आई म्हणाली, “आधी गेली होती म्हण, मग सांगते.”

शेवटच्या दिवशी बोरोबुदुरला गेलो. आकाश निवळलं होतं आणि मेरापी एकदाचा दिसला, माथ्यावर पांढऱ्या धुराची बारीक रेघ घेऊन. आई मिलिंदचा हात धरून वरच्या टप्प्यापर्यंत चढली आणि उन्हात डोळे मिटून बसली. मी तिच्या शेजारी बसले. तिने पहिली ओळ म्हटली आणि थांबली. मी पुढची म्हटली. 

मँचेस्टरला परतल्यावर त्याच हिवाळ्यात एका सकाळी रस्त्यावर बर्फाची काच झाली होती. बसस्टॉपवर माझ्या पुढची एक अनोळखी गोरी आजी घसरली आणि मी तिचं कोपर धरलं. बस येईपर्यंत ती माझ्या हाताला धरून उभी होती, आपल्या मांजराबद्दल सांगत होती. तिला बसमध्ये चढवताना माझ्या लक्षात आलं की शरण कोणाला जायचं हा प्रश्न मला बरेच दिवस पडलेलाच नाही. आपल्याच्याने होईल तेवढं करायचं, आणि पुढचं काही दिसेनासं झालं की आवळलेली मूठ सैल सोडायची. कुणाचा तरी हात येतो. कधी तो आपल्यालाच पुढे करायचा असतो. एवढं शिकवणाऱ्या सगळ्यांची मी ऋणी आहे. बस निघाली, आजीने काचेतून हात हलवला, आणि मी शिफ्टला गेले.