पडशील नाही, पड

लहानपणी तिच्या कानावर सगळ्यात जास्त पडलेला शब्द एकच. पडशील.

झाडाकडे नुसतं पाहिलं तरी पडशील. सायकलच्या हँडलला हात लावला तरी पडशील. जिन्याची एक पायरी गाळली की आतल्या खोलीतून, न बघताच, आईचा आवाज यायचा. आईला दिसण्याची गरजच नव्हती. तो शब्द त्या घरात पंख्यासारखा कायम चालू असायचा. त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. ती कधी पडलीच नाही. सायकल शिकली नाही, पोहायला गेली नाही, झोका कधी उभ्याने घेतला नाही. दोन मुलं झाली तरी तिच्या गुडघ्यांवर एक ओरखडा नव्हता. दुकानात प्लॅस्टिक न काढता ठेवलेल्या खुर्च्यांसारखे गुडघे.

खुर्च्यांचं तिला कळतं. सोफे बनवणाऱ्या कारखान्यात ती गाद्या शिवते. फोम कापायचा, कापड ताणून बसवायचं, कडा शिवायच्या. तिथे सगळे तिला गादीवाली म्हणतात. तिची हरकत नाही. माणूस शेवटी कुठे तरी टेकणारच, तेव्हा खाली काहीतरी मऊ असावं, एवढंच आपलं काम, असं ती म्हणते.

नवरा शहर बसचा ड्रायव्हर. त्याच्या मार्गावर एक आइस रिंक आहे. मोठ्या हॉलमध्ये बर्फाची गुळगुळीत जमीन, भोवती कमरेएवढा लाकडी कठडा, कठड्याबाहेर काळ्या रबराचा पट्टा. रस्त्याच्या बाजूची भिंत सगळी काचेची. थोरल्या मुलीच्या वर्गातल्या कुणाचा तरी वाढदिवस तिथे होता, म्हणून पहिल्यांदा जाणं झालं. या थोरलीला घरात शहाणी म्हणतात आणि धाकट्याला भोवरा. त्या दिवशी भोवरा आईच्या कडेवर होता आणि शहाणी कठड्याला घोरपडीसारखी चिकटली होती. बाकीची मुलं मध्यभागी धडपडत होती, हसत होती. शहाणीने एकदा, एका हाताची दोन बोटं, कठड्यावरून उचलली.

"सोडू नकोस, पडशील."

शब्द तिच्याच तोंडून निघाला होता. आवाज मात्र तिच्या आईचा होता. तोच सूर, तेच न बघता बोलणं. तिला तोंडात मारल्यासारखं झालं. भोवऱ्याला तिने वाढदिवसवाल्या मुलाच्या आत्याकडे सोपवलं, खिडकीवर जाऊन स्वतःसाठी भाड्याचे स्केट घेतले, लेस चुकीच्या बांधल्या आणि बर्फावर पाय ठेवला. ठेवला म्हणायचा. पुढच्याच क्षणी ती आडवी होती. आयुष्यातलं पहिलं पडणं, तेही शहाणीच्या अख्ख्या वर्गासमोर. ती पडल्या पडल्या वर छताकडे बघत राहिली. एवढंच होतं होय, असं तिला वाटलं. एवढ्यासाठी सायकल गेली?

त्या संध्याकाळी घरात कायदा झाला. पडशील हा शब्द बंद. त्याच्या जागी नुसतं पड.

कारखान्यातून उरलेल्या फोमचे तुकडे आले. तिने मुलांच्या जुन्या विजारींना मागून आणि बाजूने अस्तर लावलं. भोवरा ती घालून चालायचा तेव्हा मागून बदकासारखा दिसायचा. बैठकीत गादी पसरली की पडायची शाळा सुरू. गुडघे वाकवायचे, कुशीवर बसायचं, मुठी आवळून हात पोटाशी घ्यायचे, म्हणजे बोटांवरून कुणाच्या स्केटचं पातं जात नाही. चांगलं पडणं म्हणजे पिशवी, सैल. वाईट पडणं म्हणजे लादी, ताठ. ड्रायव्हर संध्याकाळी दमून आला की त्यालाही परीक्षा द्यावी लागायची. तो दरवेळी लादी पडायचा. शहाणी त्याला नापास करायची. मोजे घालून स्वयंपाकघरापासून दारापर्यंत घसरत जायचं, दारावरची बेल वाजली तर घसरतच जाऊन उघडायचं. खालच्या मजल्यावरच्या काकांनी वर येऊन विचारलं की कुणी पडलं का. भोवऱ्याने अभिमानाने सांगितलं, सगळेच.

मग रविवारची सवय लागली. ड्रायव्हरची सकाळची पाळी असली की तो तिघांना पुढच्या दारातून चढवायचा आणि रिंकसमोरच्या थांब्यावर उतरवायचा. परतीच्या फेरीत काचेच्या भिंतीपाशी बस हळू करायचा, हॉर्न एकदाच वाजवायचा. आतून तीन हात हलायचे. भोवऱ्याच्या लेखी बस म्हणजे बाबा. रस्त्याने कुठलीही बस गेली तरी तो हात करतो.

बर्फावर तिची पद्धत साधी होती. मुलाचा तोल जातोय किंवा समोरून कुणी भरधाव येतंय असं दिसलं की ती ओरडायची, "पड!" दोन्ही मुलं जिथल्या तिथे पिशवीसारखी खाली बसायची. येणारा बाजूने निघून जायचा. मुलं उठायची, पुन्हा चालू. तीही पडायची. तिच्या गुडघ्यांवर आता निळे-हिरवे डाग होते. कारखान्यात ती ते सलवार वर करून मैत्रिणींना दाखवायची.

बाहेरच्याला हे कसं दिसत असेल, याचा विचार तिने केला नव्हता. बाहेरच्याला दिसायचं ते असं: एक बाई स्वतःच्या पोटच्या पोरांना पड पड म्हणून ओरडते, आणि पोरं खरंच पडतात.

एका टापटीप जोडप्याने तक्रार केली. मॅनेजरने तिला आत बोलावलं. गळ्यात कायम शिट्टी असायची म्हणून मुलं त्याला शिट्टीकाका म्हणत. माणूस वाईट नव्हता. रबराच्या पट्ट्यावरून दिवसभर फेऱ्या मारायचा, बर्फावर मात्र कुणी त्याला कधी पाहिलं नव्हतं. ओल्या मोज्यांच्या वासाच्या त्या खोलीत त्याने तिला समजावलं. लोक घाबरतात. शाप दिल्यासारखं वाटतं. दुसरं काहीही म्हणा, तो शब्द नको. आणखी एक तक्रार आली तर महिनाभर प्रवेश बंद. तिने त्याला पिशवी आणि लादी समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्याने मान डोलावली आणि तेच पुन्हा सांगितलं.

शहरात दुसरी रिंक नव्हती. ती हो म्हणाली. बसथांब्यावर तिने स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या, पण हो म्हटलं ते म्हटलंच.

नवा शब्द शोधायला घर बसलं. शहाणीने सुचवलं, खाली. गादीवर करून पाहिलं. खाली म्हटलं की भोवरा खाली बघायचा, आणि खाली बघितलं की माणूस तोंडावरच जातो. तो बाद झाला. ड्रायव्हरने सुचवलं लोळ. शहाणीला ते म्हशीसारखं वाटलं. शेवटी तिनेच ठरवलं, बस. साधा, सभ्य शब्द. कुणाला शाप वाटायचं कारण नाही. घरी दोन्ही मुलं बस म्हटलं की छान बसली.

रिंकवर त्याच रविवारी एक दांडगा मुलगा उलटा स्केट करत भोवऱ्याच्या दिशेने आला. तिने पाहिलं. ती ओरडली, "बस!"

भोवऱ्याचा चेहरा उजळला. तो ताठ उभा राहिला, काचेच्या भिंतीकडे वळला आणि बाबाला हात करायला लागला.

हनुवटीला टाके पडले. दवाखान्यात भोवरा रडला नाही. त्याचा एकच प्रश्न होता, बाबा थांबले का नाहीत. ड्रायव्हर गणवेशातच धावत आला होता. त्याला हे समजावून सांगताना तिलाच रडू फुटलं.

संध्याकाळी तिची आई आली. नातवाची हनुवटी पाहिली आणि पदराने डोळे टिपले. मग जे म्हणायचं तेच म्हणाली. मी सांगत होते, पडेल म्हणून.

"तो पडला नाही, आई. तो उभा राहिला, म्हणून लागलं."

आई म्हणाली, आता तरी हे नाद सोड. नंतर भांडी घासताना ड्रायव्हर म्हणाला की थोडे दिवस थांबलो तर काय बिघडतं. ती म्हणाली, माझंही थोडेच दिवस थांबायचं ठरलं होतं. सायकलचं.

टाके निघाल्यावर ते परत गेले. शहाणी सुटली. भोवरा मात्र दारातून आत आला आणि दोन्ही हातांनी कठड्याला चिकटला. बोटं पांढरी झाली. ती जवळ जाऊन हळूच बोलली, हात पुढे केला, गोष्ट सांगायला घेतली. तो मान हलवत राहिला. त्याच्या बोटांत तिला स्वतःची बोटं दिसली. झोक्याची दोरी धरलेली, सायकलवरून परत घेतलेली. आज हा असाच घरी गेला तर उद्याही असाच येईल. परवा येणारच नाही. आणि मग एक दिवस त्याच्याच तोंडून कुणाला तरी ऐकू येईल, पडशील.

तिने आजूबाजूला पाहिलं. तेच टापटीप जोडपं कठड्यापाशी उभं होतं. शिट्टीकाका पट्ट्यावरून येत होता. ती बर्फाच्या मध्यभागी गेली, वळली, आणि हॉलच्या छताला धडकेल अशा आवाजात म्हणाली, "भोवऱ्या, पड!"

सगळी रिंक थांबली. भोवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. कठडा सोडला. दोन पावलं टाकली आणि पिशवीसारखा बसला. मग हसला, टाक्यांच्या खुणेसकट.

शिट्टी वाजली. मॅनेजरने कठड्याचं दार उघडून तिला बाहेर यायला सांगितलं. मुलांनाही.

"येणार नाही," ती म्हणाली. "मुलगा आत्ता सुटलाय. वेळ संपेपर्यंत आम्ही इथेच. काढायचंच असेल तर या, घेऊन जा."

तिला वाटलं नव्हतं तो येईल. पण लोक बघत होते, आणि लोक बघत असले की माणूस करायचं नाही ते करतो. साध्या बुटांनिशी तो बर्फावर उतरला. चार पावलं रुबाबात आला. पाचव्या पावलाला त्याचे हात वर गेले आणि पाठ ताठ झाली. लादी. सरळ डोक्यावर जाणार, हे तिला दिसलं.

"साहेब, पडा!"

का कुणास ठाऊक, त्याने ऐकलं. गुडघे वाकले. तो धपकन कुशीवर बसला. गळ्यातली शिट्टी सुटून घरंगळत लांब गेली. भोवरा त्याच्यापर्यंत रांगत पोचला आणि त्याला उठायचं कसं ते सांगू लागला. आधी गुडघ्यावर, मग एक पाय, मग हात मांडीवर. शिट्टीकाकाने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. दोनदा परत बसला. कुणी हसलं नाही असं नाही. ती हसली नाही.

कठड्याला धरून दारापर्यंत पोचल्यावर त्याने कोट झटकला. म्हणाला, महिनाभर प्रवेश बंद. नियम म्हणजे नियम. ती म्हणाली, बरोबर आहे. पण आजची वेळ संपलेली नाही. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि शिट्टी शोधायला गेला.

तो महिना त्यांनी घरात मोज्यांवर काढला. खालच्या मजल्यावरचे काका वर यायचे थांबले. पुढच्या महिन्यात पहिल्याच रविवारी खिडकीवर रांगेत सगळ्यांत पुढे ती, मागे शहाणी, भोवरा, आणि या वेळी तिची आईही. आई म्हणाली होती, लांबूनच बघेन. काय करतेस पोरांचं ते एकदा डोळ्यांनी बघू दे. शिट्टीकाका स्वतः खिडकीवर होता. त्याने न विचारता तिघांच्या मापाचे स्केट पुढे ठेवले.

"आवाज कमी होणार नाही," ती म्हणाली.

"मी काही म्हटलं का?" तो म्हणाला.

आजी कठड्याबाहेर, पट्ट्यावर, दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभी राहिली. आत लेक आणि दोन नातवंडं एकमेकांचे हात धरून निघाली. समोरून कुणी येत नव्हतं. तोलही गेला नव्हता. तिघांचा वेग तेवढा जरा वाढला. इतक्या वर्षांच्या सवयीने आजीच्या तोंडातून शब्द सुटला.

"पड–"

शील अजून ओठांत होतं, तोवर तिघंही बर्फावर बसलेली होती. सैल, कुशीवर, मुठी पोटाशी.

आजी तोंड उघडं टाकून बघत राहिली. लेकीने बसल्या बसल्या मान मागे वळवली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे लहान मुलीसारखे चमकत होते.

"आई," ती म्हणाली, "पुन्हा एकदा म्हण."