खोबरेल पाजलेल्या तलवारी

पनवेलच्या कोळीवाड्यात तलवार म्हटली की नवरदेवाच्या हातातली, लिंबू खोचलेली. रंजिताची फेन्सिंगची तलवार त्यापुढे अगदीच काडी. धार नाही, टोकाला फक्त एक बटण. समोरच्याला टोचलं की बटण दबतं, मशीनवर दिवा लागतो, गुण मिळतो.

“एवढ्याशा लायटीसाठी धा वर्सं?” तिची आई, गुणाबाई, मासळी साफ करता करता विचारायची.

या दहा वर्षांत रंजिताने डिप्लोमा केला, उरणच्या एका गॅस प्लांटमध्ये मीटर दुरुस्तीची नोकरी धरली आणि संध्याकाळी डिग्रीच्या वर्गातही जाऊन बसू लागली. बॅगेत मास्क, मास्कखाली नोट्स, नोट्सखाली पेचकस. झोपेला तेवढा कप्पा उरला नव्हता.

यंदा प्लांटमधल्या प्रणित सरांनी तिला समोर बसवलं. “राज्याच्या संघात आलीस तर नॅशनलला रजा देतो. नाही आलीस तर यापुढे दर रविवारी ड्युटी. कबूल?”

सगळ्या स्पर्धा शनिवार-रविवारी. म्हणजे हरली की तलवार माळ्यावर. तरी बाई म्हणाली, “कबूल.”

निवड चाचणी पनवेललाच होती, जानेवारीत. शनिवारी ती शेवटच्या आठ जणींत पोहोचली. आता एकच लढत. जिंकली की पहिल्या चारांत, म्हणजे संघात. संध्याकाळी ती सोमवारच्या पेपरचं पुस्तक उघडून बसली, आणि तलवारी पुसायचं काम आईने आपल्याकडे घेतलं.

रविवारी सकाळी हॉलमध्ये चांगलाच गारठा होता. लढतीआधी पंचांनी तिच्या तलवारीचं बटण दाबून पाहिलं. दिवा नाही. पिवळं कार्ड. तिने दुसरी तलवार दिली. तीही मुकी. लाल कार्ड, आणि समोरच्या, पुण्याच्या रियाला एक गुण फुकट.

रंजिताने बटणाला नख लावलं. आत पांढरं, घट्ट, खोबऱ्याच्या वासाचं काहीतरी.

“आई!” ती प्रेक्षकांकडे वळून ओरडली. “तलवारींना काय लावलंस?”

“त्याल!” गुणाबाईने मोठ्या अभिमानाने हॉलभर सांगितलं. “कोयत्याला देतो तसा! लोखंड हाय ते, खाऱ्या हवेत गंजल नाय? त्या बटनात पन सोडलाय, दोन-दोन थेंब!”

थंडीने ते थेंब गोठले होते. रिया मास्कमधून हसली. “ताई, वेणीपण घालून आणायची ना.”

“तुझी घालते, थांब,” रंजिता म्हणाली आणि पंचांकडे वळली. “सर, पाच मिनिटं?”

“चार,” पंच म्हणाले.

ती लढतीच्या पट्टीच्या कडेला मांडी घालून बसली. पेचकस, जुना टूथब्रश, स्पिरिटची कुपी. प्लांटवर रोज हेच चालायचं. खाऱ्या वाऱ्याने रुसलेले मीटर उघडायचे, घासायचे, पुन्हा बोलते करायचे. तांदळाएवढे दोन स्क्रू, नखाएवढी स्प्रिंग. मागे गुणाबाई शेजारणीला सांगत होती, “कामावर पन आशीच करते. साहेब लोक बगत रहातात.”

साडेतीन मिनिटांत तिने तलवार पंचांच्या हातात दिली. त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला.

मग पंधरा गुणांची लढत. शून्य-एकपासून सुरुवात. सहा-नऊ. अकरा-बारा. चौदा-चौदा. आता जिचा एकटीचा दिवा लागेल ती संघात. रिया झेपावली. रंजिता अर्धं पाऊल मागे सरली, मीटरचा काटा स्थिरावेपर्यंत थांबावं तशी थांबली आणि रियाच्या मनगटावर टोचलं.

दिवा एकच लागला. तिच्या बाजूचा.

रियाने मास्क काढून हात मिळवला. “तेल कुठलं वापरता?”

रंजिताने गुणफलकाचा फोटो सरांना पाठवला. उत्तर आलं: ‘रजा मंजूर. उद्या पेपर देऊन दुपारी दोनला ये.’

गुणाबाई पायऱ्या उतरून, धापा टाकत आली. “बगितलास? त्याल दिला म्हनून लायट लागली!”

कोळीवाड्यात आता हाच इतिहास चालतो; रंजिताने तो कधी खोडला नाही.

नॅशनलला निघताना मात्र तलवारींच्या बॅगेला तिने कुलूप लावलं, आणि किल्ली गळ्यात घातली.