छबूबाईचं कोरडं तिखट

श्रीरामपूरच्या कोर्टात मी तेवीस वर्षं वकिलाचा कारकून होतो. मारामाऱ्या पाहिल्या, बांधाची भांडणं पाहिली, भरल्या कोर्टात सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावलेले पाहिले. पण अख्खं कोर्ट एकदम शिंकताना मी एकदाच पाहिलं. एक्काहत्तर सालचा मे महिना. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि पोलिसांनी जप्त केलेली छबूबाईची पुरचुंडी टेबलावर सोडली गेली. क्षणात लाल धूळ उडाली. आधी शिरस्तेदार शिंकले, मग सरकारी वकील, मग पट्टेवाला, आणि खोटं सांगत असेन तर जीभ झडो, शेवटी मॅजिस्ट्रेटसाहेब स्वतः!

"पंखा बंद करा!" साहेब ओरडले.

आरोपीच्या पिंजऱ्यात छबूबाई पदर तोंडाला लावून उभी होती. मला मात्र दरदरून घाम फुटला, कारण त्या तिखटाबद्दल जे खोटं रचलं होतं, ते माझ्याच सुपीक डोक्यातून निघालं होतं.

आधी ही छबूबाई कोण ते सांगतो. बेलापूरच्या अलीकडे कॅनॉलच्या कडेला पाच-सहा घरांची वस्ती होती, तिथली ती सून. नवरा विहिरीच्या कामावर सुरुंगात गेला तेव्हा ती चोवीस वर्षांची, मुलगी कडेवर आणि घरात सासू, बायडाबाई. दुसरीनं माहेरची वाट धरली असती. ही बाई श्रीरामपुरातल्या एका प्रसूतिगृहाच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, काम द्या. फरशी पुसायला घेतली होती तिला. वर्षभरात डॉक्टरीणबाई तिला हाक मारल्याशिवाय बाळंतपणाला हात लावेनात. कळा देणारी बाई ओरडली की छबूबाई तिच्याहून मोठ्यानं ओरडायची, "आता माघारी फिरायचं न्हाई, लाव जोर!" माझी लेक शरिफा तिच्याच हातावर जन्मली. त्या दिवसापासून माझी बायको तिला सख्ख्या बहिणीच्या वर मानायची. म्हणून खटला उभा राहिला तेव्हा मी तिला आमच्या रंगनाथ वकिलांकडे आणलं आणि बजावलं, फीचं नाव काढायचं नाही.

खटला होता कलम तीनशे चोवीसचा, अंगाला घातक अशा पदार्थानं दुखापत केल्याचा. आणि वेळ कसली आली होती बघा! त्याच जूनमध्ये तिला आया म्हणून कायम करायचं ठरलं होतं. त्यासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा होता. शिक्षा पाच रुपये दंडाची का असेना, लागली की दाखला गेला. दाखला गेला की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की ही बाई पुन्हा चुलीपुढे. तिला तुरुंगाची भीती नव्हती. ती मला दहा वेळा एकच विचारायची, "चांदभाई, माजी नोकरी ऱ्हाईल ना?"

घडलं होतं जानेवारीत. तिची सुट्टी साडेपाचला व्हायची. मग कॅनॉलच्या भरावावरून तीन मैल पायी, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस. तोंडाला मफलर गुंडाळलेला एक सायकलवाला चार संध्याकाळी तिच्या मागे लागला. पहिल्या दिवशी शीळ, दुसऱ्या दिवशी सायकल आडवी, मग घाणेरडं बोलणं, चौथ्या दिवशी कमरेला हात लावून पळाला. पाचव्या दिवशी त्यानं तिचं मनगट धरलं आणि भरावावरून खाली उसाकडे ओढायला लागला. छबूबाईनं मोकळ्या हातानं कमरेची पुरचुंडी उपसली, दातानं गाठ सोडली आणि अर्धी त्याच्या तोंडावर झटकली. गडी सायकलीसकट खालच्या पाण्याच्या चारीत!

हा सहादेव, एका अडत्याचा भाचा. दुसऱ्या दिवशी डोळे सुजलेले घेऊन यानंच फिर्याद दिली. काय तर म्हणे, मी वाट विचारत होतो, बाईनं विनाकारण तिखट टाकलं. चोर तो चोर, वर शिरजोर! मला आजही त्याचं नाव काढलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आता माझं शहाणपण ऐका. मी छबूबाईला पढवलं, "कोर्टात सांगायचं, भाकरीबरोबर खायचं तिखट होतं. घाबरून हाताला लागलं ते फेकलं. मुद्दाम बाळगलं होतं म्हणालात की संपलं!"

"चांदभाई, ते खायचं न्हवतं वो."

"कोर्टाला काय कळतंय? तिखट ते तिखट."

रंगनाथ वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पण त्या वेळी माझंच चालू दिलं. पुरचुंडी ओळखायला पोलिसांनी बायडाबाईलाच साक्षीदार केलं होतं. मला वाटलं, आयतंच सापडलं. मी वस्तीवर जाऊन म्हातारीलाही घोकून घेतलं. एवढंच म्हणायचं की हे आमच्या घरचं तिखट, सून रोज भाकरीसंगं नेते. म्हातारीनं मान डोलावली. एक गोष्ट मी विसरलो. आजूबाजूच्या चार वस्त्यांवर लग्नकार्य असलं की तिखट कांडायला बायडाबाईला बोलावणं यायचं. तिच्या हातचं तिखट म्हणजे तिची अब्रू होती.

तर तो शिंकांचा दिवस. सहादेव त्या तारखेला आला नव्हता, म्हणून आधी बायडाबाई उभी राहिली. सरकारी वकिलांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "हे तुमच्या घरचं तिखट का?"

म्हातारी पुढे झाली. चिमूट उचलली, वास घेतला, जिभेवर ठेवली. मी डोळ्यांनी खुणावत होतो, व्हय म्हणा, व्हय म्हणा! आणि म्हातारी कडाडली, "हे माजं तिखट? शोभा करता का माजी? आमच्या तिखटाला तेलाचा हात असतो, मीठ असतं. ते असं उडत न्हाई. हे नुसतं कोरडं, बियांसकट कुटलेलं आन फडक्यानं चाळलेलं. असलं कुनी खातं व्हय? असलं कुनाच्या डोळ्यात टाकायलाच करत्यात!"

रंगनाथ वकिलांच्या हातातली पेन्सिल टेबलावर पडली. सरकारी वकिलांचा चेहरा लग्नातल्या व्याह्यासारखा खुलला. आपण काय बोलून बसलो हे बायडाबाईच्या ध्यानात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. तिनं सुनेकडे पाहिलं आणि खाली मान घातली. पुढची तारीख आठ दिवसांनी पडली.

दुपारी ऑफिसात मी माझंच कपाळ बडवून घेत होतो. म्हातारी बाहेर ओट्यावर बसली होती, आत यायला तयार नव्हती. छबूबाई म्हणाली, "वकीलसाहेब, आता खरं सांगते. आत्याबाई बोलल्या ते बराबर हाय. चौथ्या दिवशी त्यानं हात लावला, त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी, आत्याबाई पान्याला गेल्यावर मी मिरची कुटली. त्याच्याच डोळ्यासाठी कुटली."

"अहो, असं कसं म्हणता!" मी ओरडलो.

"चांदभाई, तुम्ही गप बसा," रंगनाथ वकील म्हणाले आणि त्यांनी कपाटातून दंडसंहिता काढली. मला म्हणाले, "हे आठ दिवसांपूर्वीच करायला हवं होतं. तुमचं ऐकलं ही माझी चूक." मग छबूबाईला त्यांनी सोप्या भाषेत सांगितलं, "आपलं अंग वाचवण्याचा हक्क कायद्यानं प्रत्येकाला दिलाय, बाई. तयारीनं निघाली म्हणून तो हक्क बुडत नाही. पण ते दोन गोष्टी विचारतील. पोलिसांकडे जायला सवड होती का? आणि जीव वाचवायला लागते त्याहून जास्त इजा केलीस का? या दोन्हींची उत्तरं तुझी तू द्यायची. आम्ही पढवणार नाही."

आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

त्या तारखेला कोर्टात उभं राहायला जागा नव्हती. प्रसूतिगृहातल्या बाया आल्या होत्या, वस्तीवरच्या आल्या होत्या. सहादेव इस्त्रीचे कपडे घालून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढला आणि आपली वाट विचारल्याची कथा सांगून मोकळा झाला. रंगनाथ वकील उठले.

"तिखट टाकल्यावर बाई पळाली?"

"कुठली पळते!" सहादेव तावातावानं म्हणाला. "मी चारीत पडलो, डोळ्यात आग, आन ही वर उभी राहून मलाच दटावते! डोळे चोळू नको म्हणे, मरशील म्हणे, पान्यात तोंड घाल, पापन्या उघडझाप कर. म्हनत हुती आन मी करत हुतो!"

"करत होता? मग उपयोग झाला?"

"झाला म्हणून तर दुसऱ्या दिवशी दिसायला लागलं!"

कोर्ट हसलं. साहेबांनी टेबलावर हात आपटला, पण लिहिता लिहिता त्यांच्या मिशा हलल्या, मी पाहिलं. अहो, हा शहाणा स्वतःच्या तोंडानं सांगत होता की तिनं त्याचे डोळे वाचवले! दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फिर्यादीनंच देऊन टाकलं होतं.

राहिला पहिला प्रश्न. साहेबांनी छबूबाईला विचारलं आणि तिनं सगळं सरळ सांगितलं. मिरची कुटली, चाळली, कमरेला बांधली, टाकली. सरकारी वकील उभे राहिले. "साहेब, आरोपीच्या तोंडूनच ऐकलंत. चार दिवस हिला त्रास होता. पोलीस ठाणं प्रसूतिगृहापासून दोन फर्लांगांवर. ही तिथे गेली नाही, घरी बसून मिरची कुटत होती. कायदा म्हणतो, सवड असेल तर पोलिसांकडे जा."

मुद्दा बिनतोड होता. साहेबांनीही मान हलवली आणि विचारलं, "बाई, तक्रार का नाही केली?"

छबूबाईनं पिंजऱ्याचं लाकूड दोन्ही हातांनी धरलं. "साहेब, त्याचं नाव मला ठावं न्हवतं, तोंड दिसत न्हवतं. आन तक्रार केली असती तर पोलीस घरी आले असते. मग पहिली बंद झाली असती ती माजी वाट, त्याची न्हाई. घरच्यांनी म्हटलं असतं, बस घरात. आन ज्या घडीला त्यानं मनगट धरलं, त्या घडीला ठाणं तिथनं अडीच मैल लांब हुतं. माजी कंबर जवळ हुती."

कुणी हसलं नाही. मागे बायांमध्ये कुणीतरी हुंदका दिला. मी वळून पाहिलं तर बायडाबाई होती.

निकाल चार दिवसांनी लागला. साहेबांनी तो वाचला आणि मग आमच्यासारख्यांसाठी मराठीत सांगितला. तिखट बाळगणं गुन्हा नाही. कोरडं कुटलं, चाळलं, म्हणूनही गुन्हा होत नाही. धोक्याच्या वाटेनं जाणारा माणूस तयारीनं निघतो. विनाकारण टाकलं असतं, पडल्यावर पुन्हा टाकलं असतं, राग काढला असता, तर याच कोर्टानं शिक्षा दिली असती. पण मनगट सुटल्याबरोबर या बाईनं हात थांबवला आणि समोरच्याचे डोळे वाचवले. सवडीचा हिशेब ज्या घडीला हात पडला त्या घडीपासून करायचा. "आरोपी निर्दोष!"

मी आनंदानं शिरस्तेदारांना मिठी मारली, त्यांनी मला ढकलून दिलं! बायांनी एकच गिल्ला केला. पट्टेवाला "शांतता, शांतता" म्हणत स्वतःच दात काढत होता. दाखला मिळणार, नोकरी राहणार! छबूबाई पिंजऱ्यातून उतरली आणि सगळ्यांना बाजूला सारत थेट सासूकडे गेली.

दोघी व्हरांड्यात समोरासमोर उभ्या राहिल्या. मी दोन हातांवर होतो, म्हणून ऐकू आलं.

"छबे, मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर कामावर जाऊ दिलं असतं, आत्याबाई?"

खोटं बोलायला म्हातारीला तेव्हाही जमलं नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "घरात बसवली असती."

मग तिनं सुनेचं मनगट हातात घेतलं, सहादेवनं धरलं होतं तेच, आणि पदरानं स्वतःचे डोळे पुसले. "चाल. उद्या ड्युटी किती वाजता हाय तुजी?"