बंदुकीचा अंगरखा

आमच्या मंगळवार पेठेत शालूमावशी दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. एक म्हणजे तिचा आवाज आणि दुसरी म्हणजे तिनं शिवलेले घट्ट ब्लाउज. तिचा ब्लाउज घातलेली बाई लग्नाच्या पंगतीत बसली की आधी हळूच वरचा हूक काढायची, मगच जिलबीला हात लावायची. कुणी तक्रार केलीच, तर मावशी दारात उभी राहून सांगायची, "ह्याला फिटिंग म्हनत्यात! सैल पायजे तर पोतं घाल की!" आणि गंमत म्हणजे ती बाई पुढच्या सणाला पुन्हा कापड घेऊन हजर. कोल्हापूरच्या लोकांना शिव्या खाल्ल्याशिवाय माल चांगला वाटत नाही, हे माझं जुनं मत आहे.

मावशीचे यजमान, ज्ञानूकाका, सिनेमाच्या स्टुडिओत माइकची काठी धरायचे. बोलणाऱ्याच्या डोक्याजवळ, पण कॅमेऱ्यात दिसणार नाही असा माइक लांब काठीवर धरून पुतळ्यासारखं उभं राहायचं, हे त्यांचं काम. माणूस अबोल. घरात मावशी असल्यावर त्यांना बोलायला जागा तरी कुठं होती?

शहात्तर साली स्टुडिओत नवा माइक आला. बारीक, लांब नळी, तिच्या अंगाला चिरा. सगळे त्याला बंदूकच म्हणायचे. तोंड जिकडं करावं तिकडचंच ती ऐकायची, अशी हुशार. फक्त वारा लागला की नुसतं फर्रर्र!

आणि या फर्रर्रनं आमच्या घराची झोप उडवली, कारण त्यात माझ्या आईचा आवाज बुडाला होता.

माझी आई, आक्काताई, नाटकात कामं करायची. उतारवयात तिला पहिल्यांदाच सिनेमा मिळाला होता. घर सोडून निघालेल्या मुलाला पन्हाळ्याच्या कड्यावर आई गाठते आणि झाडते, असा प्रसंग. आईनं तो असा केला की लाइटवाले डोळे पुसत होते. पण टेप ऐकली तर सगळा वाराच. मग तिला बंद खोलीत, पडद्याकडं बघून तेच बोलायला सांगितलं. तिथं तिची दर वेळी वाक्यंच बदलायची. ओठ एक म्हणायचे, आवाज भलतंच. निर्माते वैतागले, तर ही उलट त्यांनाच म्हणाली, "भांडान कदी त्येच त्येच करतं व्हय मानूस?"

निर्मात्यांनी ठरवून टाकलं, मुंबईच्या एका बाईचा आवाज घालायचा. आई घरी आली आणि भिंतीला टेकून बसली. "त्वांड माजं आन् आवाज दुसरीचा. मग मी कशाला गेलते तितं?" माझ्या आईचा आवाज खरखरीत, वाक्याच्या शेवटी फाटायचा. त्या आवाजानं आम्ही लहानाचे मोठे झालो होतो. मला निर्मात्यांचा इतका राग आला की आजही तो पुरता गेलेला नाही.

आवाज टिपणारे दत्तोपंत मात्र भला माणूस. पुढच्या गुरुवारी गाण्यासाठी सगळे पुन्हा पन्हाळ्याला जाणारच होते. त्यांनी निर्मात्यांकडून एक संधी मागून घेतली. या वेळीही वारा आला, तर मुंबईची बाई. माइकवर घालायचं, वारा अडवणारं परदेशी टोपडं मिळणं शक्य नव्हतं, म्हणून ज्ञानूकाका पंच्यात गुंडाळलेली बंदूक मावशीपुढं ठेवून म्हणाले, "हिला कापडं शिव."

मावशीनं मापाची टेप लावली. "पोरगी लईच बारीक हाय की!" मग स्कूटरच्या सीटचा जाड फोम आणून तिनं असा अंगासरसा बसवला की नळीला श्वास घेता येऊ नये. वर हूकसुद्धा लावले! सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या दातानं ओढून तिनं माइक काठीला करकचून आवळला.

रंकाळ्यावर चाचणी घेतली. आईचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा, आणि काकांचं बोट काठीवर नुसतं सरकलं तरी कानात गडगडाट. दत्तोपंतांनी कानावरचे हेडफोन काढले आणि ते हसायलाच लागले.

"शालूबाई, हा ब्लाउज झाला. हिला अंगरखा हवा. फोम पातळ घ्या, फुंकर आरपार जाईल असा. फोम आणि माइकमध्ये मोकळी हवा राहू द्या, म्हणजे वारा बाहेरच दमेल. आणि माइक लोंबता ठेवा, आवळू नका."

"सैल?" मावशी असं म्हणाली, जणू त्यांनी तिला नवं लुगडं टराटरा फाडायला सांगितलं. "उभ्या जल्मात सैल शिवलं न्हाय मी!"

ती तरातरा घरी आली आणि मशीनवर झाकण घालून बसली. दत्तोपंतांचा उद्धार चालू होता. तेवढ्यात आई तिच्याजवळ जाऊन बसली.

"शाले, माज्यासाटनं एकडाव सैल शिव की."

 मावशीनं पदरानं डोळे पुसले आणि झाकण काढलं.

बुरुडाकडून तिनं बांबूच्या बारीक कांबट्यांची लांबट टोपली विणून आणली. मग फोमसाठी दुकानं पालथी घातली. प्रत्येक तुकड्याला तोंड लावून फुंकर मारायची. एक दुकानदार कावला, "ओ बाई, फोम घेतायसा का बासरी वाजवतायसा?" टोपलीवर अंगरखा झकास बसला, पण माइक आत टांगायच्या ट्यूबच्या पट्ट्या काही जमेनात. गाठ मारली की हात सवयीनं ओढायचाच. पुन्हा सोड, पुन्हा बांध. शेवटी ती स्वतःवरच भडकली. "उजवा हात ऐकतच न्हाय मेला!" आणि तिनं सगळ्या गाठी डाव्या हातानं मारल्या. माइक आत हलकेच झुलायला लागला. काठीवर बोटातलं अंगुस्तान वाजवलं, तरी तो कांबट्यांना टेकत नव्हता.

गुरुवारी पन्हाळ्यावर असा वारा, की कॅमेरावाल्याची टोपी दरीत गेली. आईनं प्रसंग केला. वाक्यं अर्थातच नवीन. हिरोला काही कळेना, त्यामुळं तो खरोखर घाबरलेला दिसला आणि प्रसंगाचं सोनं झालं. संपल्यावर सगळे दत्तोपंतांकडं बघत राहिले. त्यांचे डोळे मिटलेले.

"अवं, वारं?" अंगरख्यासोबत आलेल्या मावशीनं विचारलं.

"बाहेर आहे," दत्तोपंत म्हणाले. "आत फक्त आक्काताई आहेत."

तेव्हा ज्ञानूकाकांनी काठीसकट अशी आरोळी ठोकली, की हा माणूस ओरडू शकतो हे मावशीलाही त्याच दिवशी कळलं.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे पहिल्याच खेळाला गेलो. पडद्यावर आईचा पदर फडफडत होता, गवत आडवं झालं होतं आणि तिचा फाटका, खरखरीत आवाज थिएटरभर घुमत होता. आजूबाजूच्या बायका मुसमुसत होत्या. मावशी एकटी खुर्चीवरून अर्धी उठून ओरडली, "बगा की, वारं हाय, पर ऐकू येतंय का? येतंय का कुटं?"

"ओ बाई, गप बसा की!" मागून कुणीतरी खेकसलं.

आईचं कुणाकडंच लक्ष नव्हतं. "शाले," ती पुटपुटली, "आवाज माजाच हाय की गं." आणि तिनं मावशीचा डावा हात असा करकचून धरला होता, की शेवटी मावशीच म्हणाली, "आक्का, जरा सैल सोड की."