श्री नसलेलं कार्ड

बी.ए. झालो त्या वर्षी मला वाटायला लागलं, की खेड्यातलं दारिद्र्य आणि अज्ञान माझ्याचसाठी खोळंबून बसलंय. त्याच वर्षी मला कुठं नोकरी मिळत नव्हती, पण या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं माझ्या मनात आलं नाही. सांगलीत घरी मी जाहीर केलं की आयुष्यातली दोन वर्षं मी सेवेला देणार. वडील म्हणाले, दे, पण जाताना छत्री घेऊन जा, ती इथं कुणी वापरत नाही.

तालुक्याच्या कचेरीतून मला मिळालेलं गाव कुंडलच्या पलीकडं, उसाचं पाणी जिथवर पोचलं नव्हतं अशा माळावर होतं. शाळू, भुईमूग आणि पलटणीत जाणारी पोरं, एवढंच तिथं पिकायचं. दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण जुनी माणसं अजून पत्त्यात सातारा घालायला सांगायची आणि मी त्यांना हसून दुरुस्त करायचो. दुसऱ्याला दुरुस्त करणं हाच माझा तेव्हाचा मुख्य धंदा होता.

आधी मी लोकांची उपजीविका सुधारायला घेतली. मिरजेहून पांढऱ्याशुभ्र विलायती कोंबड्या आणल्या आणि बायकांना खुराड्याचं शास्त्र समजावून सांगितलं. गावच्या कोंबड्या बाभळीवर झोपायच्या, ते मला फार मागासलेलं वाटलं. माझ्या कोंबड्यांना झाडावर चढता येत नव्हतं आणि मुंगसाला शास्त्र कळत नव्हतं. आठवड्याभरात खुराडं मोकळं झालं. मग मी शिक्षणाकडं वळलो. निदान अक्षरं तरी मुंगूस खात नाही.

बायकांचा वर्ग दुपारी एका काकीच्या घरात, पुढच्या सोप्यात भरायचा. काकीचा नवरा लवकर वारला होता. दोन एकर कोरडवाहू रान, एक मुलगा पलटणीत आणि एक मुलगी लग्नाची, एवढा तिचा पसारा. सोपा ऐसपैस होता आणि तिनं तो आपणहून दिला होता. माझा टपालाचा पत्ताही तिचाच होता. पंधरा-सोळा बायका यायच्या, मांडीवर सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या आणि मी फळ्यावर कमळाचा क काढायचो. कमळ त्यांच्यापैकी एकीनंही बघितलेलं नव्हतं. मी ते खडूनं काढून दाखवलं, तेव्हा एकीनं हा कांदा का म्हणून विचारलं.

त्या शिकायला येत नव्हत्या हे मला उशिरा कळलं. कुणाचा नवरा, कुणाचा दीर, कुणाचा मुलगा पलटणीत होता, आणि फुकट पत्र लिहून देणारा माणूस गावात आयता आला होता. वर्ग सुटला की त्या एकेक करून पदराआडून पोस्टकार्ड काढायच्या. मजकूर ठरलेला असायचा. आमी खुशाल हाय, म्हस व्याली, पाऊस न्हाई, तू जपून ऱ्हा. असला मजकूर माझ्यासारख्या माणसाच्या हातून उतरवून घेणं म्हणजे मला माझ्या विद्येचा अपमान वाटायचा. मी तो सुधारून लिहायचो.

माघात काकी कार्ड घेऊन बसली. मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. रजेचं आधीपासून बघावं लागतं, म्हणून मुलाला आत्ताच कळवायचं होतं. वडील नाहीत, तेव्हा लग्नात उभं राहायला भाऊच पाहिजे, नवरदेवाचा कान पिळायलाही तोच पाहिजे. तिनं मला दोन वाक्यं सांगितली: बहिणीचं लगीन वैशाखात धरलंय, तवा रजा घेऊन ये. मी लिहायला लागलो तशी ती कार्डाकडं बघून हळूच म्हणाली, "आवं मास्तर, वर शिरी ऱ्हायला की."

आमच्या घरीही पत्राच्या माथ्यावर श्री असायचा. तो का असतो हे मी कधी विचारलं नव्हतं, तो काढून टाकायचं मात्र कॉलेजात असताना ठरवून टाकलं होतं. मी काकीला चांगलं पाच मिनिटं सुनावलं. कागदाकागदावर देव कशाला, टपालखात्यानं दिलेली जागा मोलाची असते, वगैरे. ती वाटीत हळदकुंकू घेऊन आली होती, लग्नाचं पत्र म्हणून चार कोपऱ्यांना लावायला. तेही मी लावू दिलं नाही, पत्त्यावर डाग पडतात म्हणून. तिनं वाटी बाजूला ठेवली. शिकल्या माणसाला कळत असेल, असं तिनं धरलं असावं.

आणि मग मी लिहिलं. देश उभारणीच्या या काळात खेडोपाडी ज्ञानाचे दिवे उजळत असून, आपल्या मातोश्रींनीही अंधारातून प्रकाशाकडे पाऊल टाकले आहे, हे कळविताना अंतःकरण भरून येते, इथपासून सुरुवात केली. लग्नाची गोष्ट ओघात शेवटी यावी असा माझा बेत होता. ओघ मोठा निघाला आणि कार्ड संपलं. तळाशी कसंबसं लिहिलं, आपण विनाविलंब निघून यावे, बाकी समक्ष. मग आठवलं की लग्न राहिलंच. ते पत्त्याच्या बाजूला आडवं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात कोंबलं. त्यावर पोस्टाचा काळा शिक्का बसला. शिक्का जिथं बसायला हवा तिथंच बसला होता, माझी ओळच तिथं नको होती.

पंधरा-वीस दिवस गेले. एका दुपारी वर्ग चालू असताना दारात एक माणूस येऊन उभा राहिला. अंगात खाकी, खांद्यावर वळकटी, डोकं तुळतुळीत भादरलेलं, ओठावर मिशी नाही. बायकांचे हात थांबले. काकी उठली, तिच्या मांडीवरची टरफलं सगळ्या सोप्यात सांडली. मुलाचं ते डोकं तिनं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"कोन गेलं रं?" तिनं विचारलं.

त्याची वळकटी खांद्यावरून खाली आली.

"तू," तो म्हणाला.

मयताच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत. हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं, पलटणीतल्या प्रत्येक जवानाला ठाऊक होतं, आणि मी बी.ए. होतो. असं कार्ड हातात पडलं की पुढचं कुणी फारसं वाचत बसत नाही, आणि ज्यानं वाचलं त्याला आईनं अंधारातून प्रकाशाकडं पाऊल टाकलंय, लवकर निघून ये, बाकी समक्ष, एवढंच सापडलं. मुलानं तिथंच आंघोळ केली, डोकं-मिशी उतरवली, साहेबापुढं उभं राहून वर्षभरात मिळायची तेवढी सगळी रजा मागून घेतली आणि तीन दिवस गाडीत बसून तो आईच्या दिवसांना आला. काकीनं मला त्या दिवशी कारण का सांगितलं नव्हतं, तेही मग कळलं. लग्नाचं पत्र लिहिताना मरणाचा शब्द तिला तोंडातून काढायचा नव्हता.

ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि दोघंही रडली. आधी मीही डोळे पुसले, मग माझ्या लक्षात आलं की हे सगळं मी घडवलंय. मुलानं खिशातून कार्ड काढलं, माझ्या हातात दिलं आणि वाचायला सांगितलं. सगळ्या बायकांसमोर मी माझा मजकूर मोठ्यानं वाचला. ज्ञानाचे दिवे आले, अंतःकरण भरून आलं. कुणाला काही कळलं नाही. एका म्हातारीनं, जिला कमळ हा कांदा वाटला होता, विचारलं, यात आमची काकी कुठं हाय? कुणी दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, पण त्यांना माझी कीव येत होती.

काकी मला ओरडली नाही. चहा दिला. कप परत घेताना एवढंच म्हणाली, "मास्तर, लगनाला आता ह्यो न्हाई."

रजा संपेपर्यंत तो राहिला. रानातला शाळू त्यानं काढला, कौलं शाकारली. जाताना त्याची मिशी करंगळीच्या नखाएवढी वाढली होती. सोप्यातून निघताना तो आईला म्हणाला, "आता पत्र धाडशील तवा वर शिरी तू काढ. तुझ्या हातचा. खाली मास्तरास्नी काय लिव्हायचं त्ये लिवू दे."

दुसऱ्या दिवसापासून काकीला एकच अक्षर शिकायचं होतं. मी अजून शहाणा झालो नव्हतो. मी म्हटलं, श्री हे जोडाक्षर आहे, पुस्तकात ते फार पुढं येतं, आधी क घेऊ. ती म्हणाली, तुमचा क ठेवा तुमच्यापाशी. मग तिनं सारवलेल्या भुईवर बोटानं काढला, चुलीपुढं राखेत काढला, भिंतीवर गेरूनं काढला. पहिला श्री इंगळीसारखा दिसत होता. पंधरा दिवसांनी तो श्री दिसायला लागला. स्वतःचं नाव शिकायला ती शेवटपर्यंत तयार झाली नाही. माझं नाव मला म्हाईत हाय, म्हणायची.

वैशाखात लग्न झालं. सीमेवर गडबड वाढली होती, रजा मागण्यात अर्थ नव्हता, मुलगा आला नाही. कान पिळायची वेळ आली आणि मांडवात सगळे एकमेकांकडं बघायला लागले, तेव्हा काकीनं मला पुढं ढकललं. नवरदेव तालमीतला पैलवान होता. त्याचे दोन्ही कान कुस्तीत मोडून घट्ट मिटलेले, पिळायला हाताला काही लागेना. मी इकडून तिकडून चाचपत राहिलो. मांडव हसला, नवरदेव हसला, आणि पागोटं मला मिळालं. ते डोक्यावर ठेवून घेताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. काकी हसली नाही. ती दाराकडं बघत होती.

त्यानंतर दर आठवड्याला कार्ड जायचं. वर काकीचा श्री, खाली माझं अक्षर, आणि आता ती सांगेल तेच. म्हस व्याली तर म्हस व्याली. मुलाचंही कार्ड यायचं. ती माथ्यावर बघायची, श्री दिसला की कार्ड कोनाड्यात ठेवून कामाला लागायची. पुढचं मी दुपारी वाचून दाखवायचो.

श्रावण सरला आणि लढाई पेटली. कार्ड यायचं थांबलं. दोन आठवडे गेले, तिसरा लागला. गावात ज्यांच्या घरचं कुणी पलटणीत होतं त्या बायका वर्गाला यायच्या, शेंगा फोडायच्या, बोलायच्या मात्र नाहीत. मी फळ्यावर काही तरी लिहीत राहायचो.

एका दुपारी मी गेलो तेव्हा सोप्यात काकी एकटीच बसली होती. चूल पेटलेली दिसत नव्हती. तिच्या मांडीवर सरकारी शिक्क्याचं खाकी पाकीट होतं, विळ्यानं कापलेलं. पोस्टमन सकाळी टाकून गेला होता. शेजारी शाळेत जाणारी मुलगी होती, तिच्याकडून वाचून घेता आलं असतं. काकीनं घेतलं नव्हतं. तिनं कागद माझ्यापुढं धरला.

"वाचा," ती म्हणाली. "म्या बघितलंय. वर न्हाई."

मी तो घेऊन दाराच्या उजेडात आलो. कागद टंकलेला होता, माथ्यावर जावक क्रमांक होता आणि पत्र माझ्या नावाचं होतं. तालुक्याच्या कचेरीनं विचारलं होतं की वर्गातून किती प्रौढ साक्षर झाले ते महिनाअखेर कळवावं, आणि सोबत फळा सुस्थितीत असल्याचा दाखला जोडावा.

मी तिला सांगितलं. तिला ते पटेना. माझ्या आडून आडून लिहिण्याचा तिला अनुभव होता. तिनं मला ते तीनदा वाचायला लावलं, बोट ठेवून, फळ्यासकट. मग ती भिंतीला टेकली आणि तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. मी समोर उभा होतो. तिच्या मुलानं असेच तीन दिवस गाडीत काढले होते. ते ऐकून मला तेव्हा लाज वाटली होती, पण ते तीन दिवस म्हणजे काय असतात ते मला आत्ता, तिच्याकडं बघून कळलं.

शेवटी तिनं डोळे पुसले. "एवढ्या मोठ्या कचेरीत," ती म्हणाली, "शिरी काढाय कुणालाच येत न्हाई व्हय?"

तिनं मला उत्तर तिथंच लिहायला बसवलं. माथ्यावरचा श्री तिनं स्वतः काढला, चांगला ठसठशीत, आणि मग कागद माझ्याकडं सरकवला. मी साक्षर प्रौढांची संख्या एक अशी लिहिली. त्या एकात काकी की मी, हे कचेरीनं कधी विचारलं नाही.

आठ-दहा दिवसांनी मुलाचं कार्ड आलं. मी त्या वेळी सोप्यातच होतो. काकीनं ते पोस्टमनच्या हातातून घेतलं, माथ्यावर बघितलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलं. मी म्हटलं, वाचून दाखवू का?

"वाचा की सवडीनं," ती म्हणाली, आणि सूप ओढून शेंगा फोडायला बसली.