शॉवरला बांधलेली दुधाची पिशवी

गायकवाड काका गेल्याचा फोन कळव्याहून त्यांच्या मुलीने, सुजाताने केला, तेव्हा मी आठवड्याची यादी लिहीत होते. चौथी ओळ होती : 'काकांना भेटून माफी मागणे.' हीच ओळ आधीच्या पाच याद्यांमध्येही होती. दर रविवारी मी ती नीट अक्षरात पुढे उतरवत होते...

काका आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. त्यांची सगळी नोकरी एका मोठ्या हॉटेलात टाक्या आणि नळ सांभाळण्यात झाली होती. मी सोसायटीची सेक्रेटरी झाले त्याच आठवड्यात ते थर्मामीटर घेऊन दारात आले. "ताई, गच्चीवरच्या सोलरचं पाणी कोमट आहे. ढग असले की हीटर लावून साठ डिग्रीपर्यंत न्या. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो. शॉवरचे बारीक तुषार श्वासातून आत गेले की न्यूमोनिया." मी ते लिहून घेतलं. लिहून घेतलं की काम झालं असं मला वाटतं.

इमारतीत तीन घरं बंद होती. त्यांच्या चाव्या काकांकडे असायच्या. दर रविवारी ते त्या घरांतले नळ सोडून पाइपात साचलेलं पाणी काढायचे. तुषार उडू नयेत म्हणून शॉवरला धुतलेली दुधाची पिशवी रबराने बांधायची, तिचा एक कोपरा कापलेला. खाली बादली. त्याच पाण्याने मग जिना धुवायचा. "काय काका, शॉवरला टोपी घातली का?" कोणी तरी विचारायचंच. "घातली. तुमचंही माप देऊन ठेवा."

गेल्या उन्हाळ्यात पाणीकपात लागली. सभेत कुलकर्णीबाई उठल्या. त्यांच्या परदेशातल्या मुलाचं घर या तीन घरांपैकी एक. "इथे प्यायला पाणी नाही, आणि बंद घरांत कोणीही शिरून बाथरूम वापरतंय." त्या 'कोणीही'चा अर्थ सभेत सगळ्यांना कळला. काकांच्या घरी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून कितीदा चहा प्यायलेल्या मलाही कळला. मी इतिवृत्तात लिहिलं : 'पाण्याचा अपव्यय टाळण्यासाठी चाव्या परत घेणे.' आणि संध्याकाळीच घ्यायला गेले. काकांनी जुडगा हातात ठेवला. "पिशव्याही न्या, ताई. धुतलेल्या आहेत."

त्या मी नेल्या नाहीत. नळही कोणी सोडले नाहीत.

दिवाळीत कुलकर्णीबाईंचा मुलगा आला, आपल्या घरी उतरला. आठवड्याभरात तापाने फणफणला, मग अतिदक्षता विभागात. औषधं लागू पडेनात. काका न बोलावता हॉस्पिटलात गेले आणि डॉक्टरांना बंद घराची सगळी हकिगत सांगून म्हणाले, लिजिओनेलाची तपासणी करून बघा. निदान तेच निघालं. औषध बदललं, मुलगा वाचला. कुलकर्णीबाईंनी इमारतभर पेढे वाटले. काकांकडे मात्र पुडा वॉचमनच्या हाती पाठवला.

त्यानंतर काका मला जिन्यात भेटले. "हीटर लावता ना आता?" एवढंच. मी "हो" म्हटलं. पुढचं सगळं ओठांवर होतं, पण हातात भाजीच्या पिशव्या होत्या, वरून कोणी तरी उतरत होतं... घरी येऊन ते यादीत लिहिलं. दीड महिन्याने, कळव्याला सुजाताकडे गेलेले असताना, दुपारी झोपेतच काकांचं हृदय थांबलं.

चाव्यांचा जुडगा तेव्हापासून माझ्याकडेच आहे. गेल्या रविवारी सुजाताने त्यात एक चावी वाढवली. काकांचं घर हे आता चौथं बंद घर. "पप्पा म्हणायचे, ताईंकडे द्या. त्या लिहून ठेवतात, विसरत नाहीत." मी मान खाली घालून चावी घेतली.

काकांच्या न्हाणीघरात दोरीवर पिशव्या चिमट्यांना लटकत होत्या, कोपरे कापलेल्या, वाळून कडक झालेल्या. मी त्यातली एक शॉवरला बांधली, खाली बादली ठेवली, नळ सोडला आणि त्यांच्यासारखीच बाहेर येऊन दार लावून घेतलं. बादली भरल्यावर जिना धुवायला घेतला. वरून कुलकर्णीबाई उतरत होत्या. ओल्या पायरीशी थांबून म्हणाल्या, "अहो, तुम्ही कशाला? कोणाला तरी सांगायचं."

"काकांचं काम आहे," मी म्हटलं, आणि त्यांच्या पायांखालची पायरी सोडून खालची धुवायला लागले.