गाडीवर मी बसलो होतो

प्रल्हाद गेल्याची बातमी मला मोबाइलवर कळली, आणि तीही अशी की शिसारी यावी. आमच्या सकाळी धावणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी गुलाबांचं ‘शुभ सकाळ’ टाकलं होतं. त्याच्याखाली ‘प्रल्हादभाऊ गेले’, आणि त्याच्याखाली जोडलेल्या हातांची रांग. एका महाभागानं घाईघाईत अंगठा वर केला होता. माणूस गेला त्यालाही अंगठा! पाच आठवडे झाले, पण तो अंगठा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. अंत्ययात्रेतही तेच. प्रल्हादला पित्ताशयाचा कॅन्सर झाला होता, हे सगळ्या जळगावला ठाऊक होतं. तरी एक गृहस्थ तोंडातला गुटखा भिंतीच्या कोपऱ्यात थुंकून मला म्हणाले की, या वयात एवढं धावायची काय गरज होती. मी काही बोललो नाही. न बोलण्यात मी पहिल्यापासून पटाईत आहे, ते पुढे येईलच.

प्रल्हाद मूळचा सावद्याचा. केळीच्या बागेत कापणी करून ट्रक भरून द्यायचा, हे त्याचं काम. घड नुसता पाहून वजन सांगायचा आणि किलो-अर्ध्या किलोपलीकडे चुकायचा नाही. पण स्वतः केळं खायचा नाही. म्हणायचा, आयुष्यभर पाहून पाहून वीट आलाय. पुढे मुलांच्या शिक्षणासाठी जळगावला आला आणि पहाटे मेहरूण तलावाकाठी धावायला लागला. मी तिथे डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालायचो. मी शाळेत मराठी शिकवत होतो, म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी माझं ‘मास्तर’ करून टाकलं. पुढे पुढे पळत मागे वळून ओरडायचा, “पय रे मास्तर, केयीचा घड आहे का तू, सावकाश उतरवाले?” त्याच्या तोंडची ही ‘ळ’चा ‘य’ करणारी सावद्याकडची बोली ऐकून मला राग यायचा आणि पायही उचलायचे. वर्षभरात मी दहा किलोमीटर धावू लागलो. ते श्रेय सगळं त्याचं.

सहा वर्षांपूर्वी एका स्थानिक मंडळानं मॅरेथॉन रिले ठेवली. पारोळ्याजवळून निघायचं आणि धुळ्यात देवपूरला पोचायचं. दोघांचा संघ, चार टप्पे. एकानं धावायचं, तोवर दुसऱ्यानं टेम्पोतून पुढच्या ठिकाणी जाऊन उभं राहायचं. मनगटावरचा कापडी पट्टा सोडून दुसऱ्याच्या हाती द्यायचा, की तो सुटला. पहिला आणि तिसरा टप्पा माझा, दुसरा आणि शेवटचा प्रल्हादचा. देवपूर त्याची सासुरवाडी. त्याचा मेहुणा अरुण आमच्याच पन्नाशीपुढच्या गटात दुसऱ्या संघातून उतरला होता. त्यामुळे प्रल्हादला भारी हुरूप. आठ दिवस आधीच त्यानं दोघांसाठी एकसारखे निळे टी-शर्ट आणि निळ्या टोप्या आणून ठेवल्या.

तिसऱ्या टप्प्यात ऊन चढलं. माझी पोटरी आखडली, आणि मी धावणं सोडून चालू लागलो. माझी मुलगी त्याच रस्त्यालगतच्या गावात दिलेली आहे. नेमके माझे व्याही मोटरसायकलवरून मागून आले. आमच्या खानदेशात ओळखीचा माणूस रस्त्यानं पायी चाललेला दिसला, तर त्याला गाडीवर घेतल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. त्यातून मी मुलीचा बाप. त्यांनी गाडी आडवी घातली. “व्याही, पायी कसाले जाई राह्यनात? बठा.” मी म्हटलं, शर्यत आहे. ते म्हणाले, शर्यत असू द्या, आमच्या गावच्या शिवारात पाहुणा पायी गेला तर लोक आम्हाला काय म्हणतील. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा बसलो. दोन किलोमीटर. बदलीच्या ठिकाणाअलीकडे वळणावर उतरलो, तोंडावर बाटलीतलं पाणी मारलं आणि धापा टाकत प्रल्हादच्या हातात पट्टा दिला. तो म्हणाला, “मास्तर, तू तर वाघ निघाला.” आणि सुटला.

व्याह्याला नाही म्हणता येत नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. साफ खोटं आहे. व्याही भला माणूस, त्याला शर्यतीतलं काय कळतं? मला कळत होतं. पाय दुखत होते म्हणून बसलो आणि रीतीच्या नावावर खपवलं. ज्या माणसानं तीस वर्षं परीक्षेच्या वर्गात पोरांच्या बाह्यांतून कॉप्या काढल्या, तो माणूस वळणावर झाडाआड उतरला. लिहितानाही मला स्वतःची किळस येते.

आमचा तिसरा नंबर आला. अरुणचा संघ चौथा. मंचावर ढाल घेताना प्रल्हादनं माझा हात धरून वर केला, आणि मी तो करू दिला. ढाल त्यालाच ठेवायला सांगितली, माझ्या घरात ती मला नको होती. दोन महिन्यांनी त्याच्या घरी ती दिसली नाही, म्हणून विचारलं तर म्हणाला, सावद्याला आईजवळ ठेवलीय. त्यानंतर धुळ्याकडच्या एकाही शर्यतीला तो गेला नाही. मी कारण विचारलं की म्हणायचा, तिकडे ट्रकचा धूर फार लागतो. मला सुटल्यासारखं वाटायचं. सहा वर्षं रोज पहाटे तो माझ्या शेजारी धावला. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही, एक टोमणा नाही…

शेवटी त्याला भेटायला गेलो तेव्हा सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. तो पलंगावर उशीला टेकून बसला होता, अंगावरचं सगळं मांस झडलेलं. त्यानं विचारलं, “आज किती, मास्तर?” मी म्हटलं, पाच. खरं तर आठ दिवस मी तलावावर गेलोच नव्हतो. तो बरं म्हणाला आणि डोळे मिटून पडून राहिला. मी तसाच उठून आलो.

मग शोकसभा. ज्यांनी कधी त्याला नावानं हाक मारली नाही, तेही गहिवरून बोलले. एकानं तर मधेच स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिगत सांगितली. शेवटी मला उभं केलं. मी दहा मिनिटं प्रल्हादच्या सचोटीवर बोललो. लोकांनी माना डोलावल्या. खाली उतरलो तर बाहेर चहाच्या टेबलापाशी अरुण उभा. माझ्याकडे बघून तो हळूच म्हणाला, “सर, तुम्ही छान बोललात. पण दाजींची सचोटी तुम्ही नका सांगू मला.”

मग त्यानं सांगितलं. रिलेच्या दिवशी पाणी देणाऱ्या त्यांच्या संघाच्या माणसानं निळा टी-शर्ट आणि निळी टोपी घातलेला एकजण मोटरसायकलवर मागे बसलेला पाहिला होता. पाठमोरा, म्हणून चेहरा दिसला नाही. अरुणनं दुसऱ्या दिवशी प्रल्हादला फोन केला, की तुम्हा दोघांतला कोण. प्रल्हाद म्हणाला, मी. त्याच आठवड्यात एसटीनं देवपूरला जाऊन त्यानं ती ढाल अरुणच्या हाती दिली, सगळ्यांदेखत माफी मागितली आणि चहा न घेता परत आला. अरुण सांगत होता आणि माझ्या हातात चहाचा कप होता. मला एवढंच म्हणायचं होतं, की तो मी होतो. तीन शब्द. मी चहा संपवला, कप ठेवला आणि घरी आलो. आयुष्यात मी पुष्कळ हलकट माणसं पाहिली, पण त्या दिवशीच्या माझ्याइतका हलकट कुणी पाहिला नाही.

चार दिवसांनी वहिनींकडे गेलो. वहिनी म्हणजे प्रल्हादची बायको, देवपूरची माहेरवाशीण. मी बाहेरच्या खोलीत बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं रडतील, नाहीतर दाराबाहेर काढतील. त्यांनी हातातल्या पदराचा काठ नीट केला. मग म्हणाल्या, “मला पण त्यांनी हेच सांगितलं होतं, की मीच बसलो.”

त्या बोलत राहिल्या, आवाज न चढवता. माझ्या माहेरी मला मान खाली घालायला लावली म्हणून मी त्यांना सहा वर्षं टोचून बोलले. भाच्याच्या लग्नाला ते आले नाहीत, मी एकटी एसटीनं गेले. भावाच्या वास्तुशांतीला एकटी गेले. दरवेळी मी परत यायचे, तेव्हा ते या दारातल्या खुर्चीवर बसलेले असायचे. विचारायचे, तिकडे सगळे बरे आहेत ना, अरुण बरा आहे ना. “मी उत्तर द्यायची नाही, सर. सरळ आत निघून जायची.”

मी म्हटलं, मी हे सगळं लिहून काढतो, माझ्या नावानिशी पेपरात छापून आणतो. म्हणजे हेच, जे तुम्ही आता वाचता आहात. वहिनी म्हणाल्या, “लिहा. पण लिहिणं तुम्हाला सोपं आहे. माझ्या भावाला तोंडानं सांगा, माझ्यासमोर.” येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं देवपूरला जाणार आहोत.

एवढं बोलून त्या चहा ठेवायला उठल्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, दारातल्या त्याच खुर्चीवर मी बसलो होतो. मी उठून उभा राहिलो. वहिनींनी आतून विचारलं, साखर किती घालू. चहा येईपर्यंत मी उभाच होतो.